चिनी दीर्घायुष्याचं श्रेय कोणाचं: ताई-चीचं की उकळलेल्या पाण्याचं?

चहाटळ:
चिनी लोक कोमट पाणी पितात, पहाटे बागेत ताई-ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम) करतात, म्हणून शंभरी गाठतात, असा एक फॉरवर्ड सध्या फिरतोय. 'पाच हजार वर्षांची परंपरा' वगैरे मसाला आहेच. अहो, १९४९ च्या सुमारास चीनचं सरासरी आयुर्मान जेमतेम ३५ होतं. परंपरा तेव्हाही होतीच ना? आज ते ७८ च्या पुढे आहे. मधल्या काळात लसी आल्या, १९५२ पासून सरकारने स्वच्छतेची मोहीम राबवली, पाणी उकळून पिण्याची सवय घरोघरी रुजली. बागेत दिसणारी २४ हालचालींची ताई-चीसुद्धा १९५६ साली सरकारी क्रीडा समितीने बसवलेली. श्रेय पाण्याला द्या, 'ची' नावाच्या प्राणशक्तीला नको.

माळावरचा:
३५ चा आकडा इथे लागूच होत नाही. सरासरी खाली ओढली होती बालमृत्यूंनी. पाळण्यातल्या बाळाला ताई-ची काय वाचवणार?
आणि १९५६ चा संच ताई-ची शिकवणाऱ्या यांग घराण्याच्या जुन्या पद्धतीतून घेतलाय, कुणा बाबूने टेबलावर रचलेला नाही. चीनमधल्या चांगशा शहराजवळ मावांगदुईला इ.स.पू. १६८ मध्ये बंद झालेल्या थडग्यात रेशमावर रंगवलेली व्यायामाची चित्रं सापडली. ४४ आकृत्या: बायका, पुरुष, तरुण, म्हातारे. ही परंपरा नव्हे तर काय?

चहाटळ:
जुनं आहे हे सिद्ध झालं. उपयोगी आहे हे कुठे झालं?

फिजिओताई:
ते मी सांगते. २०१२ साली अमेरिकेत पार्किन्सन्सच्या (कंपवाताच्या) १९५ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे. ताई-ची करणाऱ्यांचा तोल सर्वांत जास्त सुधारला, आणि तुलनेसाठी नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्या गटापेक्षा ते कमी वेळा पडले. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडलं की पुढे काय होतं ते आमच्या वॉर्डात येऊन बघा.

खडीसाखर:
व्यायामाबद्दल भांडण नाहीच हो. पण त्याच पोतडीतून बाकीचंही बाहेर पडतं. अमरत्वाच्या गोळ्या खाऊन चीनच्या थांग राजघराण्यातले काही सम्राट मेले. त्या गोळ्यांत पारा असे. आपल्या काळातही अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल (काही वनस्पतींतलं विषारी द्रव्य) असलेल्या जडीबुटींनी लोकांची मूत्रपिंडं निकामी केलीत. 'परंपरा' म्हटलं की सगळंच गोड मानून घ्यायचं का?

माळावरचा:
सगळं कोण मानतंय? जेवणानंतर शंभर पावलं चाला, असं चिनी लोकही सांगतात, आपली आजीही सांगायची. त्यात पारा कुठाय?

चहाटळ:
शतपावली मंजूर. पण चीनमध्ये तीस कोटींच्या आसपास लोक सिगारेट ओढतात, त्यावर एकही फॉरवर्ड का नाही?