मोटर बदलण्याआधी रूळ तपासा

स्कॅलेक्स्ट्रिक म्हणजे ट्रॅकच्या खाचेतून, खाचेलगतच्या रुळांतल्या विजेवर पळणारी खेळण्यातली गाडी. एकाची जुनी गाडी लांबच्या वळणावर मंदावते म्हणून मोटर बदलायची, असं इथल्या चर्चेत ठरत आलंय. जरा थांबा. सुरुवातीच्या सरळ पट्ट्यावर पळते ना? मग मोटर बहुधा ठीकच आहे.

आमच्या बडोद्याच्या घरी, दांडिया बाजारात, माळ्यावर ट्रॅक आहे. पावसाळ्यात रुळांना बारीक गंज धरतो. प्रत्येक जोडाला थोडा रोध, असे तीसेक जोड झाले की बारा व्होल्टमधले पार टोकाला कितीसे उरणार? गाडी धावत असताना मीटर लावला तर आमच्याकडे साडेनऊ! रूळ शाईच्या खोडरबराने घासले, मग ट्रॅकखालून दोन जाड वायरी नेऊन पलीकडच्या टोकालाही वीज दिली. पहिल्यांदा वायरी उलट्या जोडल्या आणि थेट शॉर्ट. तेव्हा रंग बघून जोडा.

गाडीखालच्या, रुळांतून वीज घेणाऱ्या तांब्याच्या जाळीदार पट्ट्याही बघा. काळ्या पडल्या असतील तर बदला, विस्कटलेल्या असतील तर टोकं नीट कापा.

आणि हो, मागचे टायर. जुनं रबर दगड होतं. पॉलिश पेपर ट्रॅकला चिकटवून, गाडी हाताने धरून, चाकं हळू फिरवत घासा. गाडी रुळांना धरून ठेवणारं चुंबक मात्र खाली लावू नका बुवा. १९६०च्या दशकातल्या गाडीचं ढुंगण वळणावर घसरलं नाही तर मजा काय? नाक उचलत असेल तर व्हील बॅलन्सिंगवाल्याकडचा शिशाचा तुकडा पुढे, गाइडच्या (खाचेत बसणाऱ्या पात्याच्या) मागे चिकटवा. आमचा तो फुकट देतो.