सल्ला हवाय: ओपनशिफ्ट ४.१२ वरून ४.१४ वर, फक्त कमांड लाइनवरून

टर्मिनल_ताई (धागाकर्ती):
नमस्कार मंडळी. आमचं ओपनशिफ्ट क्लस्टर (कंटेनरमधली ॲप्लिकेशन्स चालवणारा मशीन्सचा समूह) ४.१२ वर आहे, ते ४.१४ वर न्यायचंय. तीन मास्टर (क्लस्टर सांभाळणारी मशीन्स), सहा वर्कर (ॲप्लिकेशन्स चालवणारी), सगळी व्हर्च्युअल मशीन्स. वेब कन्सोल आमच्या नेटवर्कमधून उघडत नाही, जंप सर्व्हरवरचं 'ओसी' हे कमांड लाइनचं साधन एवढंच हाताशी आहे. शनिवारी रात्री चार तासांची विंडो मिळतेय. नवीन हार्डवेअर मिळणार नाही, बाहेरचा सल्लागारही नाही. वर्करवर एक डेटाबेस चालतो आणि त्याचं स्टोरेज बाहेरच्या ड्रायव्हरवर आहे, जीव तिथेच अडकलाय. वर्कर पूल (सगळ्या वर्करचा गट) पॉज करून, म्हणजे त्यांचे अपडेट थांबवून, थेट ४.१४ गाठावं की एकेक पायरी चढावी? आणि सुरू करण्याआधी काय तपासून घ्यावं?

नवं_कोरं:
जागच्या जागी अपग्रेड करूच नका. शेजारी नवीन क्लस्टर उभं करा, ॲप्लिकेशन्स हलवा, जुनं बंद करा. आम्ही कायम असंच करतो. कुणालाही रात्री जागावं लागत नाही.

टर्मिनल_ताई:
हार्डवेअर मिळणार नाही असं वरच लिहिलंय हो.

नवं_कोरं:
मग आधी हार्डवेअर मागा. मॅनेजमेंटला नीट समजावलं की देतात. आम्हाला दिलं.

शेल_सम्राट:
पॉज करूनच जा. ४.१२ आणि ४.१४ दोन्ही सम आवृत्त्या, म्हणजे ईयूएस (जास्त काळ सपोर्ट मिळणाऱ्या). 'ओसी ॲडम अपग्रेड चॅनल ईयूएस-४.१४' करा, 'ओसी पॅच एमसीपी/वर्कर' ने स्पेकमधलं 'पॉज्ड' ट्रू करा. मास्टर ४.१३ वर जातील, तिथून ४.१४ वर. शेवटी पूल मोकळा करा. वर्कर एकदाच रीबूट होतात. सरळ काम आहे, यात विचारण्यासारखं काही नाही.

पीडीबी_पीडित:
सरळ वाटतं खरं. आमच्याकडे मास्टर झाले, सगळे ऑपरेटर (क्लस्टरचे भाग सांभाळणारे प्रोग्रॅम) हिरवे, आणि दुसरा वर्कर 'रेडी, शेड्युलिंग डिसेबल्ड' वर येऊन थांबला तो थांबलाच. लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा: पॉड (ॲप्लिकेशनचा चालू तुकडा) इव्हिक्ट करता येत नाही, डिसरप्शन बजेट (पीडीबी, म्हणजे किमान किती पॉड चालू राहावेत याचा नियम) मोडेल. एका टीमने रेप्लिका एक ठेवली होती आणि मिनअव्हेलेबलही एक. असा पॉड नोडवरून (मशीनवरून) हलणार कसा? ताई, आजच 'ओसी गेट पीडीबी -ए' चालवा. 'अलाउड डिसरप्शन्स' च्या रकान्यात जिथे शून्य दिसेल, त्या टीमला आजच फोन करा. शनिवारी रात्री कुणी फोन उचलत नाही.

बॅकअप_आधी:
सगळ्यात आधी ईटीसीडीचा (क्लस्टरची सगळी स्थिती साठवणाऱ्या डेटाबेसचा) बॅकअप. 'ओसी डीबग नोड' ने एका मास्टरवर जा, 'सीएचरूट /होस्ट' करा, 'क्लस्टर-बॅकअप.एसएच' चालवा. एकाच मास्टरवर पुरतं, तिन्हींवर नको. दोन फायली बनतात, एक स्नॅपशॉट आणि एक स्टॅटिक पॉडच्या रिसोर्सेसची टार. दोन्ही क्लस्टरच्या बाहेर कॉपी करा.

नवं_कोरं:
+१ बॅकअप. काही बिघडलं की रिस्टोअर करून परत ४.१२ वर.

बॅकअप_आधी:
नाही! बॅकअप त्याच झेड आवृत्तीच्या (४.१२ नंतरचा तिसरा आकडाही तोच) क्लस्टरवर रिस्टोअर करायचा असतो. मागच्या मायनर आवृत्तीवर (जसं ४.१३ वरून ४.१२ वर) परतणं ओपनशिफ्टमध्ये सपोर्टेडच नाही. बॅकअप आपत्तीसाठी असतो, अपग्रेड मागे घेण्यासाठी नाही. हे धाग्यावर ठळक लिहायला हवं, कारण लोक याच भरवशावर रात्री एंटर मारतात.

जुना_ॲडमिन:
जंप सर्व्हरवर टीमक्स (कनेक्शन तुटलं तरी सत्र चालू ठेवणारं साधन) लावा. एसएसएच तुटलं तर अपग्रेड अर्ध्यात अडकेल.

शेल_सम्राट:
अडकत नाही. तुमची कमांड फक्त हवी ती आवृत्ती नोंदवते. पुढचं सगळं क्लस्टरच्या आत क्लस्टर व्हर्जन ऑपरेटर करतो. लॅपटॉप बंद करून झोपलात तरी चालू राहील.

जुना_ॲडमिन:
तरीही टीमक्स लावा. मी वीस वर्षं लावतोय.

शेल_सम्राट:
लावा हो, विरोध नाही. पण कारण चुकीचं सांगू नका.

झटपट:
एवढा काथ्याकूट कशाला? 'ओसी ॲडम अपग्रेड --टू-लेटेस्ट'. नाही म्हणालं तर '--फोर्स'. आमच्याकडे चाललं.

बॅकअप_आधी:
फोर्स कृपया नको. त्याने इमेजच्या सहीची तपासणी आणि पूर्वअटी दोन्ही बाजूला पडतात. क्लस्टर 'नाही' म्हणतं तेव्हा त्याला कारण असतं. नुसतं 'ओसी ॲडम अपग्रेड' चालवा, 'अपग्रेडेबल=फॉल्स' आणि खाली कारण दिसतं. ४.१२ वर बहुधा 'ॲडमिनॲकरिक्वायर्ड' (ॲडमिनचा होकार हवा) दिसेल. ४.१३ मध्ये कुबरनेटीस (ओपनशिफ्टचा पाया) १.२६ आहे, त्यात ऑटोस्केलरचं 'व्ही२बीटा२' हे जुनं एपीआय गेलं. आधी 'ओसी गेट एपीआयरिक्वेस्टकाउंट्स' बघा, जुनं एपीआय कोण वापरतंय ते कळतं. खात्री झाल्यावरच 'ॲडमिन-ॲक्स' कॉन्फिगमॅपमध्ये होकार भरा. ४.१३ वरून ४.१४ ला जाताना वेगळा होकार लागतो.

पीडीबी_पीडित:
आणि ओएलएमने (जास्तीचे ऑपरेटर बसवणाऱ्या व्यवस्थेने) टाकलेले ऑपरेटरही बघा. एखाद्याने स्वतःची कमाल ओपनशिफ्ट आवृत्ती ४.१२ लिहून ठेवली असेल तर तिथेच गाडी अडेल. त्याला आधी अपडेट करावं लागतं. हो, आणि पीडीबी बघाच.

नोड_निरीक्षक:
कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. ४.१३ पासून नोडची ऑपरेटिंग सिस्टिम रेल (रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स) ८ च्या पायावरून रेल ९.२ वर गेली. तिला एक्स८६-६४-व्ही२ दर्जाचा सीपीयू लागतो. तुमची व्हर्च्युअल मशीन्स आहेत, म्हणजे खालचं हार्डवेअर नवं असूनही मशीनला जुनं सीपीयू मॉडेल दिलेलं असू शकतं. प्रत्येक नोडवर डीबगने जाऊन '/प्रॉक/सीपीयूइन्फो' मध्ये 'एसएसई४_२' आणि 'पॉपसीएनटी' शोधा. नसतील तर तो नोड नव्या सिस्टिमवर उठणार नाही. स्टोरेज ड्रायव्हर रेल ९ वर चालतो का, हेही त्या कंपनीकडून लेखी घ्या.

शेल_सम्राट:
हा मुद्दा मोलाचा आहे. मात्र त्याने माझं मत बदलत नाही. पॉज करा, वर्कर एकदाच रीबूट. वेळेचं गणित साधं: मास्टरकडच्या भागाला एका उडीला तास ते दोन तास धरा, वर्करला प्रत्येकी किमान पाच मिनिटं. सहा वर्कर म्हणजे किमान अर्धा तास. आणि पूल पॉज असताना मास्टरचं काम विंडोच्या बाहेर, आदल्या दिवशीही उरकता येतं, वर्करवरचे पॉड जागचे हलत नाहीत. शनिवार फक्त वर्करसाठी ठेवा.

बॅकअप_आधी:
याला माझाही पाठिंबा. फक्त पूल महिनोन्‌महिने पॉज ठेवू नका. नवी सर्टिफिकेट्स नोडपर्यंत पोचत नाहीत आणि पुढे 'ओसी लॉग्स', 'ओसी एक्झेक' बंद पडतात.

जुना_ॲडमिन:
पॉज करूनच जा, मीही तेच म्हणतो. सोबत टीमक्स.

टर्मिनल_ताई:
सगळ्यांचे मनापासून आभार. पीडीबीच्या यादीत दोन शून्यं निघाली, त्या टीमशी बोलणं सुरू आहे. निर्णय मात्र तुम्हा सगळ्यांपेक्षा वेगळा घेतेय: पॉज न करता शनिवारी फक्त ४.१३, वर्करसकट. ४.१४ पुढच्या विंडोत.

शेल_सम्राट:
म्हणजे सहाही वर्कर दोनदा रीबूट. डेटाबेसही दोनदा हलणार. हे कशासाठी?

टर्मिनल_ताई:
पॉज केलं तर माझे वर्कर एकाच रात्री रेल ८ वरून ९ वर आणि क्युबलेट (नोडवर पॉड चालवणारा प्रोग्रॅम) दोन आवृत्त्या पुढे जाईल. सकाळी डेटाबेस कुरकुरला तर दोष सिस्टिमचा, ड्रायव्हरचा की क्युबलेटचा, हे मला सांगता येणार नाही. ४.१३ वर नवी सिस्टिम पूर्ण भाराखाली चाललेली मला डोळ्यांनी बघायचीय. मागे फिरायची सोय नसेल तर मी लहान पावलं टाकेन. एक जास्तीचा रीबूट मला परवडतो.

शेल_सम्राट:
पटलं नाही, पण कारण समजलं. मग पहिल्या वर्करनंतर थांबायची सोय ठेवा. ज्या वर्करवर डेटाबेस नाही असा एक वेगळ्या पूलमध्ये काढा. बाकीचा पूल तेवढा वेळ पॉज, हा उठला आणि ड्रायव्हर चालला की तो सोडा.

टर्मिनल_ताई:
हे नक्की करते. नोड_निरीक्षक, तुमचा मुद्दा आत्ताच तपासला. चार वर्करवर दोन्ही फ्लॅग आहेत, दोनवर 'एसएसई४_२' नाहीच. सीपीयू मॉडेल बदलून मशीन रीबूट केलं की पुरेल का?

नोड_निरीक्षक:
आतून रीबूट करून मॉडेल बदलत नाही. नोड ड्रेन करा (त्यावरचे पॉड हलवा), मशीन पूर्ण बंद करा, मॉडेल बदलून पुन्हा चालू करा, मग 'अनकॉर्डन' (नोड पुन्हा पॉडसाठी मोकळा). एकावेळी एकच. आणि हे शनिवारच्या आधी उरका, त्या रात्रीच्या यादीत घेऊ नका. मास्टरही तपासलेत ना?

टर्मिनल_ताई:
मास्टर राहिलेत. बघून सांगते.