पावसातली ऑटोक्रॉस, मग ओला ट्रॅक: साध्या हॅचबॅकची आणि हातापायाची तयारी काय करावी?

ओझर_हॅचबॅक

नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये नाशिकजवळच मातीच्या मैदानावर ऑटोक्रॉस (आखून दिलेल्या वाटेवर घड्याळाशी शर्यत) आहे, स्टॉक क्लासमध्ये, म्हणजे फेरफार न केलेल्या गाड्यांच्या गटात नाव दिलंय. पुढे ऑक्टोबरअखेरीस कोइम्बतूरच्या करी स्पीडवेवर ट्रॅक डे (आपली गाडी रेसट्रॅकवर चालवायचा दिवस). आपला पाऊस तोवर गेलेला असेल, पण तिकडचा तेव्हाच सुरू होतो. म्हणजे दोन्हीकडे ओलंच मिळणार असं धरून चाललोय.

गाडी १.२ पेट्रोल, पुढच्या चाकांना ड्राइव्ह, मागे ड्रम ब्रेक, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) आणि ईएसपी (गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) दोन्ही. टायर कंपनीचेच, नक्षी ४ मिमीच्या आसपास. कोरड्यातली लाइन (वळणातून गाडी न्यायची वाट), ब्रेकिंग पॉइंट वगैरे जमतं. ओल्यात हवा किती ठेवायची, ईएसपी बंद करायचं का, ब्रेक आणि लाइन कशी बदलते, हे हवंय. "पावसात जपून चालवा" हे घरी रोज ऐकतोच, ते सोडून काहीही सांगा.

मुरूम_आणि_माती

आधी एक गोष्ट वेगळी करा. चिखल आणि ओलं डांबर ही दोन निराळी दुखणी आहेत, औषध जवळजवळ उलटं. डांबरावर टायरखालचं पाणी बाहेर फेकायचं असतं. चिखलात नक्षीत भरलेली माती बाहेर फेकायची असते.

मैदानाची माती कुठली ते आदल्या दिवशी जाऊन बघा. इगतपुरी-त्र्यंबककडे तांबडी, मुरमाड जमीन. पाणी मुरतं, वरचा दोन बोटं रेंदा काढला की खाली टणक लागतं. निफाड-येवल्याकडे काळी. ती टायरला अशी चिकटते की दुसऱ्या वळणापर्यंत नक्षी भरून टायर गुळगुळीत होतो. मूठभर माती घ्या, बोटाने दाबून लांब फीत काढा. पाच-सहा सेंटिमीटरची फीत न तुटता निघाली तर चिकणमाती भरपूर, म्हणजे टायर भरणार.

मुरमावर कंपनीने दिलेली हवा (ड्रायव्हरच्या दारामागच्या खांबावर स्टिकर असतं) तशीच ठेवा. टायरने रेंदा कापून खाली पोचायला हवं. हवा कमी केली की तो पसरतो आणि वरच तरंगतो. रुंद टायर घालायचा मोह होतो, तोही याच कारणाने टाळा. काळ्या मातीत ३-४ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) उतरवा, पण २४ च्या खाली जाऊ नका. ट्यूबलेसची कड जोराच्या वळणात रिमवरून सुटते, हवा एका झटक्यात जाते आणि रिम मातीत रुततं. अशा वेळी दुरुस्ती नसते, टोचन असतं. टोचनाचा हुक सुरुवातीलाच बंपरमध्ये घट्ट बसवून ठेवा, चिखलात गाडी पोटावर बसल्यावर ते झाकण सापडत नाही.

ईएसपी मातीवर बंद. बटण नुसतं टेकवून बऱ्याच गाड्यांत फक्त ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागीच फिरू न देणारा भाग) जातं. काही सेकंद दाबून धरावं लागतं, आणि ठरावीक वेगाच्या वर ते आपोआप परत येऊ शकतं. मॅन्युअलमध्ये बघून घ्या. चालू राहिलं तर चाक फिरायला लागताच इंजिनची ताकद कापतं, आणि चिखलात थोडं चाक फिरणं गरजेचंच असतं, त्यानेच नक्षीतली माती उडते. सरळ पट्ट्यात एक-दोन सेकंद चाक फिरवून टायर धुऊन घ्यायचा आणि मग वळणाला जायचं.

एबीएस असलेली गाडी चिखलात लांबवर थांबते, हे हिशेबात धरा. ब्रेकने अडकून फिरायचं थांबलेलं चाक आपल्यापुढे मातीचा ढीग जमवतं आणि त्यालाच अडून थांबतं. एबीएस तो ढीग जमूच देत नाही. फ्यूज काढायचे उद्योग करू नका. ब्रेक दोन गाडी-लांबी आधी लावा, भागतं.

स्पॅनर_सातपूर

मातीचं वर बरोबर आलंय. फक्त ड्रमचं राहिलं. मागच्या ड्रममध्ये पाणी आणि गाळ गेला की हँडब्रेक धरतच नाही, आणि नेमकं कोनाच्या (वाट आखायला ठेवलेल्या शंकूच्या) वळणाला ते कळतं. स्टार्टच्या रांगेत पुढे सरकताना डाव्या पायाने ब्रेक हलका दाबून वीस-तीस मीटर गाडी ओढा, ड्रम सुकतो. वळणाआधी एकदा हँडब्रेक खेचून बघणं म्हणजे वेळ घालवणं नव्हे. आणि हँडब्रेक ओढताना क्लच दाबलेला हवा.

आता डांबर. इथे हवा वाढवायची. कोरड्यात चार-पाच लॅपमध्ये टायर तापून हवा ५-६ पीएसआय चढते, म्हणून आपण थंड टायर २८-२९ वर सोडतो आणि गरम ३४ मिळतो. पावसात टायर तापतच नाही, फार तर एक-दोन चढेल. २८ वर सोडलात तर सगळी रेस ३० वर. कडा दबलेल्या, मधला भाग आत गेलेला, नक्षीच्या फटी मिटलेल्या. म्हणून थंडच ३२-३३ भरा.

दाबाचा आणि तरंगण्याचा सरळ संबंध आहे. नासाने विमानांच्या टायरांवर प्रयोग करून काढलेलं ढोबळ सूत्र: पीएसआयचं वर्गमूळ गुणिले १६.७ म्हणजे टायर पाण्यावर तरंगायला लागतो तो वेग, ताशी किलोमीटरमध्ये. २५ ला साधारण ८३, ३० ला ९१, ३६ ला १००. साचलेलं पाणी नक्षीपेक्षा खोल असेल तेव्हाचं हे गणित, आणि कारचा रुंद टायर याहून आधीही तरंगू शकतो. पण ताशी आठ किलोमीटरचा फरक फुकट मिळतोय तर घ्या की.

तुमची ४ मिमी नक्षी मातीच्या कार्यक्रमात घासली जाईल. कोइम्बतूरला जाताना ३ च्या खाली गेली असेल तर टायर बदला. कायद्याची मर्यादा १.६ मिमी आहे, पण ती रस्त्यासाठी. साचलेल्या पाण्यात १.६ चा टायर आणि गोटा टायर जवळजवळ सारखेच. बदललेच तर नवे चोपडे असतात, १०० एक किलोमीटर रस्त्यावर चालवूनच ट्रॅकवर न्या.

तरंगायला लागलं की तीन खुणा: स्टीअरिंग एकदम हलकं, आरपीएम कारण नसताना वर, आणि चाकाखालचा पाण्याचा आवाज बदलतो. तेव्हा ब्रेक नाही, स्टीअरिंग सरळ, पाय हळूच काढा आणि थांबा. चाकं वळलेली असताना टायरने पुन्हा जमीन धरली तर गाडी वळलेल्या दिशेला फेकली जाते. बहुतेक ठोकाठोकी तरंगताना होत नाही, त्यानंतरच्या त्या अर्ध्या सेकंदात होते.

ईएसपी डांबरावर पहिल्या दिवशी चालूच ठेवा. दिवा कुठल्या वळणाला लुकलुकतो ते लक्षात ठेवलं की आपली चूक कुठे होतेय त्याचा नकाशाच मिळतो.

तिसरा_गिअर

लाइनबद्दल लिहितो.

कोरड्यात सगळे जिथून जातात तिथे रबर बसतं, खडीच्या फटी बुजतात, वर तेलाचे थेंब. पाणी पडलं की तीच पट्टी सर्वांत निसरडी. तिच्या बाहेरचं डांबर खडबडीत राहिलेलं असतं. म्हणून ओल्यात वळणाच्या बाहेरच्या अंगाने जायचं: कोरड्यातला आतला टोकाचा बिंदू सोडून द्या, एक गाडीभर बाहेर राहा, उशिरा वळा. रबराची पट्टी ओलांडावीच लागते, तेव्हा ती चाकं शक्य तितकी सरळ ठेवून, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्हींवरून पाय हलका असताना ओलांडा. रंगवलेले कर्ब (ट्रॅकच्या कडेचे उंचवटे) आणि पांढरे पट्टे, चाक लावायचंच नाही. १९९३ ला इंग्लंडमधल्या डोनिंग्टनला फॉर्म्युला वनच्या ओल्या रेसमध्ये आयर्टन सेना पहिल्या वळणाला पाचवा होता आणि लॅप संपायच्या आत पहिला. ती लॅप बघताना गाड्या सोडा, फक्त त्याची चाकं कुठून जातात ते बघा.

पण हा नियम डोळे मिटून पाळू नका. जिथे रबर कमी बसलंय, किंवा बाहेरच्या अंगाला उतार असल्याने पाणी साचलंय, तिथे जुनीच लाइन बरी. पहिल्या दोन लॅप यासाठीच असतात. एका लॅपला आत, दुसऱ्याला बाहेर, त्याच वेगाने. स्टीअरिंग कुठे जड लागतं तिथे ग्रिप. टायर किंचाळेल याची वाट पाहू नका, ओल्यात तो किंचाळत नाही, गुपचूप सुटतो. कोरड्यातला कान इथे निकामी, कंबर आणि तळहात कामाला लावा.

हातापायाचं: एका वेळी एकच मागणी. कोरड्यात ब्रेक सोडत सोडत वळता येतं, ओल्यात आधी ब्रेक संपवा, मग वळा, मग ॲक्सिलरेटर. सवय झाली की हळूहळू एकमेकांत मिसळा. ब्रेकची पहिली दाब हळू, कारण वजन पुढच्या टायरवर यायला वेळ लागतो. ते यायच्या आत पाय आपटला की एबीएस आलंच. वळणातून बाहेर पडताना कोरड्यात दुसरा गिअर असेल तर ओल्यात तिसरा. ताकद कमी पोचते, चाक फिरत नाही.

गाडी वळेना, सरळच चालली, तर आपण सगळे स्टीअरिंग आणखी फिरवतो. उलट करा: थोडं सरळ करा, पाय अर्धा काढा, पुढचा टायर धरेल, मग पुन्हा वळा. मागचा भाग सुटला तर पुढच्या ड्राइव्हच्या गाडीत पाय पूर्ण काढणं ही सर्वांत महाग चूक. वजन पुढे जातं, मागचा भाग आणखी हलका होतो. जिथे जायचंय तिकडे नजर आणि स्टीअरिंग, ॲक्सिलरेटर हलका दिलेला. पुढची चाकं गाडीला ओढून सरळ करतात.

ओझर_हॅचबॅक

एवढं सविस्तर कुणी लिहील वाटलं नव्हतं, आभार. सराव कुठे करायचा? कसारा किंवा सापुतारा घाट पहाटे रिकामा असतो...

नोट्स_वाचणारा

नाही. सार्वजनिक रस्त्यावर वेगाची चाचणी हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, पहिल्यांदा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. नाशिकरोडचं मध्यवर्ती कारागृह बाहेरूनच बरं दिसतं. कायदा बाजूला ठेवला तरी पहाटेच्या कसाऱ्यात धुकं असतं, भाजीच्या गाड्या असतात, आणि दहा मीटरपुढचं वळण पाठ असून काही उपयोग नाही.

मालकाच्या परवानगीने बंद आवार किंवा रिकामं डांबरी मैदान मिळवा, ६० बाय ३० मीटर पुरे. आठ कोन, एक टँकर पाणी.

१) ताशी ४० ने येऊन एका कोनापाशी ब्रेक. एबीएस थडथडलं की दाब कमी, पुढच्या वेळी त्याच्या किंचित अलीकडे थांबा. दहा वेळा. पायाला ती रेषा समजेपर्यंत पुढचं काही नको.
२) कोन १५ मीटरवर लावून नागमोडी, ताशी ३० ने सुरुवात. वेग वाढवायचा तो फक्त स्टीअरिंगचा झटका बंद झाल्यावर.
३) १२ मीटर त्रिज्येचं वर्तुळ, गाडी बाहेर सरकेपर्यंत वेग वाढवा, मग फक्त ॲक्सिलरेटरने तिला आत-बाहेर करा. स्टीअरिंग हलवायचं नाही. वर तिसऱ्या गिअरने जे लिहिलंय ते इथे दहा मिनिटांत अंगात भिनतं.

तिसरा_गिअर

कारागृहाचा विषय निघालाच आहे तर. १९९१ च्या जूनमध्ये फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर बर्ट्रांड गाशो माझदातून ल माँची २४ तासांची रेस जिंकला, आणि ऑगस्टमध्ये लंडनच्या टॅक्सीचालकावर अश्रुधुराचा फवारा मारल्याबद्दल त्याला १८ महिन्यांची शिक्षा झाली. अपिलावर दोनेक महिन्यांत सुटला, पण फॉर्म्युला वनच्या जॉर्डन संघातली त्याची जागा बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर शूमाकर नावाच्या नवख्याला मिळून गेली होती. शूमाकर सातवा क्वालिफाय झाला, रेसमध्ये पहिल्याच लॅपला क्लच गेला.

सांगायचं ते पुढच्या वर्षीचं आहे. १९९२, पुन्हा स्पा, तोवर शूमाकर बेनेटन संघात. ट्रॅक ओला होऊन सुकत होता. शूमाकर जरा बाहेर गेला, सहकारी ब्रंडल पुढे निघाला. मागे लागल्यावर शूमाकरला ब्रंडलच्या मागच्या टायरवर फोड आलेले दिसले. स्वतःचे टायरही त्याच अवस्थेत असणार हे ओळखून तो लगेच पिटमध्ये गेला, कोरडे टायर घेतले आणि त्याची पहिली ग्रां प्री जिंकला. सुकत्या ट्रॅकवर पावसाळी टायरची मऊ नक्षी वळवळून तापते. तुमच्याकडे टायरचा एकच सेट, त्यामुळे बदलायचं काही नाही. पण सुकायला लागलं की सरळ पट्ट्यात लाइन सोडून ओल्यातून जा, टायर थंड राहतो. आणि वळणात जुनी रबराची लाइन सगळ्यात आधी सुकते, तेव्हा बाहेरच्या अंगाचा हट्ट सोडा.

स्पॅनर_सातपूर

फुटकळ. काच आतून कोरड्या फडक्याने, मग भांड्याच्या साबणाचा एक थेंब पसरून पुसून घ्या, धुकं धरत नाही. एसी चालू, तापमान गरमवर, हवा काचेवर. ताकद किंचित जाते, जाऊ द्या. बाहेरच्या काचेला मेणाचं पॉलिश नको, वायपर फडफडतो. साचलेल्या पाण्यातून जायचं असेल तर पहिला गिअर, एकसारखा वेग. इंजिन पाण्यात बंद पडलं तर परत स्टार्टर मारू नका, सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

आणि बूट. चिखलातला तळवा ब्रेकवरून सटकतो. गाडीत बसेपर्यंत बुटांवर दुधाच्या पिशव्या चढवा, दारात बसून पाय बाहेर ठेवून काढा, मग पाय आत. एक लिटरची पिशवी नऊ नंबरला बसत नाही, मोठी घ्या.