काकांच्या डब्यातले एसी १२८: मीटरवर चांगले दिसतात, पण फझ दुपारी बिघडतो

कोपरीकर:
नमस्कार मंडळी. आमच्या काकांचं कोपरीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, ते बंद झाल्यापासून एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा माळ्यावर पडून होता, परवा उघडला तर आत एसी १२८ या जुन्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरचे चौदा नग, शिवाय बीसी १४८ ट्रान्झिस्टर, काचेचे डायोड, कंडेन्सर असं बरंच काही. लगेच फझ फेस बनवायला घेतला (गिटारचा आवाज फाटका, जाडसर करणारं दोन ट्रान्झिस्टरचं पेडल). मल्टिमीटरच्या एचएफई सॉकेटात (ट्रान्झिस्टरचा गेन, म्हणजे तो करंट किती पट वाढवतो ते दाखवणारं) एक ९७ आणि एक १२५ दाखवत होता म्हणून १२५ वाला सर्किटातल्या दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या जागी लावला. रात्री एकदम भारी वाजतं पण दुपारी दोनला तेच पेडल घसा बसल्यासारखं, नोट मधेच तुटते. सोल्डर परत मारलं, बॅटरी नवी टाकली, फरक नाही. काका आता नाहीत, त्यामुळे त्यांचा एकही पार्ट न तपासता फेकायचा नाहीये.

नेरुळ_फझ:
दादा, सोल्डरिंग ठीक असणार, हे लीकेज आहे. ट्रान्झिस्टरला एमिटर, बेस, कलेक्टर असे तीन पाय; जर्मेनियमचा असेल तर बेसला काही न देताही थोडा करंट सोडतो आणि साधारण ८-१० डिग्री वाढली की तो दुप्पट होतो, त्यात मे महिन्यातली ठाण्याची दुपार. मीटरचं सॉकेट हा करंटसुद्धा गेनमध्येच धरतं म्हणून त्या आकड्यावर जाऊ नका. ९ व्होल्टची बॅटरी घ्या, एमिटर प्लसला, कलेक्टर २.२ के (किलोओहम) आणि २७० ओहमचे रेझिस्टर सिरीजमध्ये लावून मायनसला (एसी १२८ वर रंगाचा ठिपका असतो ना, तो पाय कलेक्टर). त्या दोन रेझिस्टरवर मिळून व्होल्टेज बघा, बेस मोकळा ठेवून. हे झालं लीकेज. मग बेसपासून मायनसला २.२ मेगओहमचा रेझिस्टर लावा, परत बघा. दुसऱ्यातून पहिला वजा करा आणि १०० ने गुणा, तो खरा गेन. एक सांगतो, ट्रान्झिस्टर बोटात धरलात तर हाताच्या उबेनेच आकडा चढत जातो, सोडून दोन मिनिटं थांबा आणि मगच लिहा.

वागळे_बेंच:
वरची पद्धत बरोबर आहे, मीही तीच वापरते. ओळखायचं सोपं: नंबर ए ने सुरू म्हणजे जर्मेनियम, बी म्हणजे सिलिकॉन, त्यामुळे तुमचे बीसी १४८ दुपारी असा त्रास देणार नाहीत. काचेचे डायोड मीटरच्या डायोड मोडवर लावा, ०.३ च्या आसपास आलं तर जर्मेनियम, ०.६ तर सिलिकॉन. डब्यात चार पायांचे एएफ ११७ असतील तर नीट बघा, त्यांच्या आत कथलाचे केसासारखे तंतू वाढतात आणि पाय बॉडीला शॉर्ट होतात, शील्डचा पाय (तो मुळातच बॉडीला जोडलेला असतो) सोडून बाकीच्यांची बॉडीशी कंटिन्युटी लावली की कळतं. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर मात्र काकांची आठवण म्हणून ठेवा, पेडलमध्ये नवेच लावा, इतक्या वर्षांत ते आतून सुकलेले असतात.

कोपरीकर:
आज सगळे चौदा मोजले. १२५ वाल्याचं लीकेजच ०.८१ व्होल्ट!! एकूण १.७२, म्हणजे गेन ९१. आणि ९७ वाला? लीकेज फक्त ०.०९, एकूण १.०२, गेन ९३. म्हणजे दोघं जवळपास सारखेच आणि मी नेमका गळका उचलून दुसऱ्या जागी लावला होता. बोटाचंही खरं निघालं, नुसतं चिमटीत धरलं तर ०.०९ चं ०.१४ झालं. बाकीच्यांत एक ७२ आणि एक ११६ सापडला, दोन्हीचं लीकेज ०.१ च्या आत.

नेरुळ_फझ:
मग झालंच की. ७२ पहिल्या जागी, ११६ दुसऱ्या. दुसऱ्याच्या कलेक्टरकडचा ८.२ के रेझिस्टर काढून तिथे २० केचा प्रीसेट (स्क्रूने फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) टाका आणि त्याच कलेक्टरवर साडेचार व्होल्ट येईपर्यंत फिरवा. हे सेटिंग दुपारीच करा, रात्री नको. आणि एसी १२८ पीएनपी जातीचा आहे, इथे बॅटरीचा प्लस ग्राउंडला जातो, बहुतेक पेडलांच्या उलट, त्यामुळे बाकीच्या पेडलांच्या अडॅप्टरला जोडू नका, वेगळी बॅटरीच ठेवा.

कोपरीकर:
केलं. दुपारी अडीचला पंखा बंद करून वाजवलं, ई ची नोट शेवटपर्यंत टिकली. डब्याच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवलेली आज दिसली, काकांच्या अक्षरात, "१२८ चांगले, वेगळे ठेवणे", आणि तिच्याखालच्या पुडीत अजून सहा नग. उद्या ते मोजतो.