पाण्याची भीती चाळिशीत जाते का? का ती घेऊनच पोहायचं?

कोथरूडकरीण
मंडळी, वय ४१, नोकरी, एक मुलगी, आणि पोहता अजिबात येत नाही. आमच्या घरात कुणालाच येत नाही. आई नारायण पेठेत वाढली, पानशेत धरण फुटलं तेव्हा (१२ जुलै १९६१) ती आठ वर्षांची होती. घर गेलं, मग पूरग्रस्तांच्या वसाहतीत गोखलेनगरला संसार नव्याने उभा राहिला. तेव्हापासून पाणी म्हणलं की आई गप्पच. अजूनही खडकवासल्यातून पाणी सोडलं अशी बातमी आली की तिचा फोन येतो, भिडे पुलाकडे जाऊ नकोस, अगं आई मी बाणेरला ऑफिसात आहे, तरी जाऊ नकोस. लहानपणी आम्हाला टिळक तलावावरच काय, कात्रजच्या तळ्याच्या कडेलाही उभं राहू दिलं नाही.

आता मी लेडीज बॅच लावलीये. चार फुटात उभी असते, माझी उंची पाच फूट तीन, म्हणजे बुडायचं ठरवलं तरी बुडता येणार नाही, आणि तरीही कोच म्हणतात मॅडम कठडा सोडा तर बोटं सुटतच नाहीत. समोर भिंतीवर लाल रंगात ४ फूट लिहिलंय ते वाचत असते, डोक्याला सगळं पटतं, हात ऐकत नाहीत. शेजारी सहा वर्षांची पोरं धपाधप उड्या मारतात ते वेगळंच.

बॅच लावली त्याचं कारण पण भीतीच. मागे मुळशीजवळ एका रिसॉर्टला गेलो होतो, मुलगी पाण्यात खेळत होती आणि मला एकदम वाटलं की हिचा पाय घसरला तर मी काठावर उभी राहून फक्त ओरडणार. तो विचार काही केल्या जात नाही. सगळे म्हणतात भीतीला ताकद बनवा, रील्स तर रोज तेच सांगतात, पण म्हणजे नक्की करायचं काय? कुणी केलंय का?

डीपएंडवाला
पूर्वी उन्हाळ्याच्या बॅचना शिकवायचो, मोठी माणसं बरीच हाताळलीत. एक गोष्ट सांगतो जी कोच घाईत सांगत नाहीत. मोठ्यांना बुडण्याची भीती वाटते असं सगळे म्हणतात पण खरं म्हणजे त्यांना आडवं झाल्यावर परत उभं कसं राहायचं ते माहीत नसतं. म्हणून कठडा सुटत नाही. तर पोहणं राहू दे बाजूला, आधी नुसतं उभं राहायला शिका. पाण्यात पालथं आडवं व्हा (कोचचे हात धरून), मग गुडघे पोटाशी ओढा, दोन्ही तळवे पाण्यात खाली दाबा, पाय तळाला टेकले की मग डोकं वर. याच क्रमाने. आधी डोकं वर काढायला गेलात तर पाय मागे तरंगत राहतात आणि गटांगळी ठरलेली. एकदा हे जमलं की हात आपोआप ढिले पडतात, कुणी सोडा म्हणायची गरज नाही.

दुसरं, श्वास. घाबरलेला माणूस पाण्यात श्वास कोंडून धरतो. जीव गुदमरतो तो ऑक्सिजन संपला म्हणून नाही, कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. त्यामुळे तोंड पाण्यात असताना नाकातोंडाने सावकाश बुडबुडे सोडत राहायचं, वर आलं की फक्त आत घ्यायचा. घरी बादलीत प्रॅक्टिस करा, नवरा हसला तर हसू दे.

आणि छाती हवेने भरलेली असेल तर बहुतेक माणसं तरंगतातच, पाय जड म्हणून खाली जातात एवढंच. गुडघे छातीशी घेऊन गोळा होऊन बघा, कोच जवळ असताना. पाठ पाण्यावर येते. आपल्याला न विचारता पाणी वर उचलतं हे एकदा अंगाला कळायला लागतं, सांगून कळत नाही.

पेठकर६२
आता सगळे लिहितील की आमच्या वेळी पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलायचे आणि पोरं शिकायची. ढकलायचे हे खरं. त्यातली काही शिकली आणि काही आजन्म विहिरीच्या बाजूने सुद्धा गेली नाहीत, माझा धाकटा भाऊ त्यातलाच. तेव्हा ढकलण्याचं कौतुक नको.

ताई, आईंची भीती खुळी नव्हे. आम्ही शनिवार पेठेत होतो. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी पानशेतच्या भिंतीवर वाळूची पोती रचली म्हणून धरण रात्री न फुटता सकाळी फुटलं, पोती नसती तर अख्खं गाव झोपेत गेलं असतं. खडकवासल्याची भिंतही टिकली नाही. पाणी ओसरल्यावरचा चिखल आणि वास ज्याने पाहिलाय तो नदीशी थट्टा करत नाही. माझं म्हणणं एवढंच की आईंनी जे पाहिलं ते नदीचं पाणी, तुम्ही उभ्या आहात ते टाकीतलं. नदीची भीती ठेवा, ठेवलीच पाहिजे, खडकवासला चौपाटीवर मक्याचं कणीस खाऊन पाण्यात उतरणारे महाभाग बघितले की वाटतं यांना थोडी उसनी द्यावी.

एमए_सायकॉलॉजी
थोडं अभ्यासातलं. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स नावाच्या बाईंनी पीटर नावाच्या एका लहान मुलाची सशाची भीती घालवली होती, तो आवडीचं खात असताना ससा पिंजऱ्यातून रोज जरा जवळ आणायचा, एवढंच. पुढे जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये त्याची रीतसर पद्धत मांडली. आजही फोबियावर पायरी पायरीने सामोरं जाणं हाच पहिला उपाय असतो. यातली मेख अशी की भीती शिगेला असताना तुम्ही पाण्याबाहेर आलात तर एकदम हायसं वाटतं, आणि मेंदू शिकतो की बाहेर आलो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती आणखी घट्ट. म्हणून पायरी एवढी छोटी ठेवा की तिथे थांबता येईल, आणि धडधड जरा उतरल्यावरच बाहेर या. कठडा दोन्ही हातांनी, मग एका हाताने, मग दोन बोटांनी, असं. ज्या दिवशी दोन बोटांवर निवांत उभ्या राहाल त्या दिवशी पुढे जायचं नाही, तिथेच कंटाळा येईपर्यंत राहायचं. कंटाळा ही फार चांगली खूण आहे.

ताकद बनवा वगैरेबद्दल: २०१४ मध्ये ॲलिसन वुड ब्रूक्स यांचा एक अभ्यास आला होता, भाषण, गाणं, गणित अशा कामांआधी घाबरलेल्यांनी स्वतःला शांत हो म्हणण्यापेक्षा मी एक्साइट झालोय असं म्हणलं तर काम जास्त चांगलं झालं. कारण छातीतली धडधड दोन्हीकडे सारखीच, ती दाबण्यापेक्षा तिला दुसरं नाव देणं सोपं. पण तो स्टेजवरच्या भीतीचा अभ्यास आहे, पाण्यात उत्साहाने डीपकडे जाऊ नका प्लीज.

चहावाली_मैत्रीण
मी जरा उलटं बोलतीये, राग मानू नका. भीती हे इंधन आहे वगैरे मला पटत नाही. भीतीने मला ड्रायव्हिंगच्या क्लासची फी भरायला लावली हे खरं, पण कर्वे रोडला संध्याकाळी सात वाजता मागून पीएमपीएमएलची बस हॉर्न मारत असताना त्या भीतीचा काडीचा उपयोग नाही, उलट क्लचवरचा पाय थरथरतो. तिथे उपयोगी पडली ती सवय, आणि शेजारच्या सीटवरची माझी मैत्रीण जी क्लासनंतर चहा प्यायल्याशिवाय सोडायची नाही. तिला काय तोंड दाखवणार म्हणून मी जायचे, धैर्य वगैरे काही नव्हतं. बॅचमध्ये अशी एक बघून ठेवा. शक्यतो तुमच्याइतकीच भित्री.

डीपएंडवाला
@चहावाली, पाण्यात नेमकं हेच होतं. पण ताईंच्या लिहिण्यात दोन भीती आहेत. एक पाण्याची, ती कठडा धरून ठेवते. दुसरी मुलीची, ती रोज बॅचला घेऊन येते. पहिलीशी भांडत बसू नका, ती वरच्या क्रमाने आपली आपण कमी होईल. दुसरीला मात्र जपा, पावसाळ्यात सकाळी साडेसहाला उठायला तीच लागेल.

आणि हे स्पष्ट सांगतो, पोहायला आलं म्हणून बुडणाऱ्याला वाचवायला उडी मारायची नाही. बुडणारा मिठी मारतो आणि दोघं जातात, धरणांवर असे कितीतरी प्रकार होतात. काठावर आडवं पडून ओढणी, काठी, दोर पुढे करायचा, नाहीतर रिकामा बंद कॅन फेकायचा, आणि मदतीला बोलवायचं. हे तर तुम्ही आत्ता सुद्धा करू शकता, पोहता येत नसताना.

कोथरूडकरीण
हे शेवटचं मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. आज रात्री मुलीला आणि नवऱ्याला बसवून सांगणार आहे, आणि गाडीत एक दोरी टाकून ठेवते.

उभं राहायचा क्रम काल कोचना दाखवला, ते म्हणाले हां हां तेच तर सांगत होतो. (नव्हते सांगत.) आडवी झाले, उभी राहिले, मग परत. पालथं होताना अजून छातीत कळ येते पण कठड्याकडे बघितलं नाही. पेठकर काका, आईला तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं, वाळूच्या पोत्यांचं तिला आठवत होतं, मग बराच वेळ बोलत बसली, शेजारच्यांची शिलाई मशीन कशी वाहून गेली वगैरे, हे सगळं मी पहिल्यांदाच ऐकलं.

एक फुटकळ शंका: मला मायनस चारचा चष्मा आहे, गॉगल लावला की समोरची भिंत सुद्धा दिसत नाही, निम्मी धडकी त्याचीच असावी. नंबरचे गॉगल मिळतात का?

डीपएंडवाला
मिळतात, मायनसमध्ये रेडीमेड असतात, ऑनलाइन किंवा स्पोर्ट्सच्या मोठ्या दुकानात. अर्ध्या अर्ध्या नंबरने मिळतात, नेमका नाही मिळाला तर जरा कमीचा घ्या. अँटीफॉग बघून घ्या, आणि काचेला आतून बोट लावू नका, कोटिंग जातं.