दक्षिण फ्रान्समधल्या लुबेरोंची गावं: मिनीबसची डे टूर घ्यावी का?

मृण्मयी: जुलैच्या पहिल्या आठवड्यात आईबाबांना घेऊन आविन्योंला आहोत. गॉर्द, रुसियों बघायचंय, पण तिथे गाडी चालवायची हिंमत नाही. बाबांचे गुडघे दुखतात. टूर झेपेल?

फिरस्ता: घ्याच. सार्वजनिक बसने ही गावं एका दिवसात जुळवायची म्हणजे वेळापत्रकाशी कुस्ती. तिथल्या साध्या लायसन्सवर चालक धरून ९ सीटचीच गाडी चालवता येते, म्हणून अशा टूरमध्ये बहुधा ८ प्रवासी. मंगळवारी सकाळी गॉर्दला बाजार भरतो. मला तो आवडतो, बायकोला गर्दीचा वैताग! रुसियोंची गेरूच्या कड्यांतली वाट चुकवू नका, फक्त पांढरे बूट नकोत. तांबडी धूळ जाता जात नाही.

मृण्मयी: त्या वाटेवर पायऱ्या आहेत का हो?

अनघा: आहेत गं, भरपूर. छोटा फेराही अर्ध्या तासाहून थोडा जास्तच. बाबांना चौकात कॉफी घेत बसू दे. सेनांकचा मठ मात्र तिघांनी बघा, बाराव्या शतकातला आहे. तेव्हा समोर लॅव्हेंडर फुललेला असेल. बुकिंगआधी एकच विचार: प्रत्येक गावात किती वेळ थांबणार? एका दिवसात सहा गावं म्हणाले, तर सरळ दुसरी टूर शोध.