चिनूचं कॉलेज आणि १ नोव्हेंबर

आत्या (एडिसन, अमेरिका): चिनूला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात (पेन) 'अर्ली डिसिजन'चा, म्हणजे लवकरचा अर्जच भरायचाय. १ नोव्हेंबर शेवटची तारीख. तिची, आमच्यापैकी एकाची आणि शाळेतल्या काउन्सेलरची सही लागते. दोन रात्री झोप नाही मला.

मोठे काका: अर्ली डिसिजन म्हणजे बांधीलकी. प्रवेश मिळाला की बाकी अर्ज मागे घ्यायचे. नीट विचार करा.

मोठी काकू: चिनूचा हट्ट म्हणजे हट्टच. मुंजीलाही आली नाही.

आत्या: वहिनी, तिची एसएटी होती, कॉलेज प्रवेशाची परीक्षा. तेव्हाही सांगितलं होतं.

मोठी काकू: मी कुठे काय म्हटलं? 🙏

बोस्टनचा दादा: आत्या, 'अर्ली ॲक्शन' वेगळं. त्यात निकाल लवकर लागतो, पण होकार १ मेपर्यंत कळवता येतो. पर्ड्यू, रटगर्सला ते आहे. सरकारी विद्यापीठं असल्यामुळे पेनच्या अर्जासोबत चालतात. दुसऱ्या खासगी कॉलेजला मात्र लवकरचा अर्ज नाही.

ताई (पुणे): पैशांचं बोला आधी. अर्ली डिसिजनमध्ये मिळालं की दुसरं कॉलेज किती मदत देतंय ते बघायची सोयच राहत नाही. आमच्या ओळखीत एकाला मिळालं, मदत फारच कमी आली. डिसेंबरभर घरात रडारड.

आत्या: मदत पुरली नाही तर सोडतात ना?

बोस्टनचा दादा: सोडतात, परवडत नाही हे दाखवलं तर. पण त्या भरवशावर सही नको. पेनच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर आहे, मदत वजा जाता अंदाजे किती भरावे लागतील ते कळतं. टॅक्स रिटर्न घेऊन आज रात्रीच दोघं बसा.

मोठे काका: अर्ली डिसिजन म्हणजे बांधीलकी. प्रवेश मिळाला की बाकी अर्ज मागे घ्यायचे.

धाकटा काका: दादा, तेच परत? 😀 आता आम्हीही बांधील झालो.

मोठे काका: चेष्टा नको. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

ताई (पुणे): पुढच्या वर्षी आमचा नंबर. भारतातून मदत मागितली तर निवडीवर परिणाम होतो म्हणे?

बोस्टनचा दादा: बऱ्याच ठिकाणी होतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी मोजकीच कॉलेजं परदेशी मुलांचीही ऐपत न बघता निवड करतात. लवकरच्या अर्जांचा फायदा सधन घरांनाच होतो, म्हणून हार्वर्डने २००६ मध्ये ते बंद करायचं जाहीर केलं होतं. २०११ मध्ये परत आणले. मला बंद केलेलंच बरोबर वाटतं.

धाकटा काका: फराळाचं पार्सल कधी पाठवायचं? कुरिअरवाला विचारतोय.

मोठी काकू: चकल्या अजून व्हायच्यात.

चिनू: मी सगळं वाचतेय. मला पेनच हवंय. पण त्यासाठी बाबांनी डोंबिवलीची जागा विकायची नाही.

मोठे काका: जागा कोण विकतंय?

आत्या: चिनू, तुला कोणी सांगितलं?

मोठी काकू: मी नाही हं.

मोठे काका: मला का नाही विचारलं? आई-वडिलांची जागा आहे ती.

आत्या: दादा, इथे नको. फोन करते.